शेकोटीभोवतीची जागा

साधे सुख हे केवळ साधे असते म्हणून निर्दोषही असते काय? प्रश्न रिकामपणचा वाटेल. धन, सत्ता, कीर्ती यांच्या मोहाविषयी थोरामोठ्यांनी इतके लिहून ठेवले आहे की त्या विषयांवर प्रवचन करायचे झाल्यास आम्हा धर्मगुरूंना टिपणेही काढावी लागत नाहीत. परंतु पौषातल्या पहाटे दारापुढे पेटलेली शेकोटी, तिच्याभोवती चहाचे पेले हातात धरून बसलेली चार माणसे, मांडीवर लोकरीचा गोळा घेऊन विणत बसलेली आजी, गच्चीवर पतंगाला कन्नी बांधणारा नातू, यांच्याविषयी काही बोलायचे म्हटले की आमची पंचाईत होते. ही सुखे इतकी लहान की पापनिवेदनात त्यांचा कुणी उल्लेख करीत नाही, आणि प्रार्थनेत त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानण्याचेही कुणाच्या ध्यानी येत नाही. जे पापातही जमा नाही आणि पुण्यातही नाही, त्याचा विचार कोणी करावा? तो थोडासा करून पाहावा, असे या लेखाच्या निमित्ताने आम्ही ठरविले आहे.

नाशिककरांस थंडीचे कौतुक भारी. दिवाळी सरली, सह्याद्रीवरून येणारा वारा कोरडा झाला, की सकाळच्या चहाबरोबर पहिला प्रश्न निघतो, ‘निफाडला आज किती?’ निफाडजवळ कुंदेवाडीस गहू संशोधन केंद्र आहे. तेथील तापमापकाचा आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि तसे झाले म्हणजे आपणच काही पराक्रम केला अशा थाटात मंडळी तो एकमेकांस सांगतात. मग कपाटातल्या कानटोप्या बाहेर येतात. पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ वाढते. घरोघरी बाजरीच्या भाकरीवर तीळ पडतात, भोगीला मिसळीची भाजी होते, रविवारी सारे कुटुंब झणझणीत मिसळ खाण्यास गावाबाहेर पडते. तांब्याचे बंब आता बहुतेक घरांतून गेले. त्यांच्या धुराचा आणि कढत पाण्याचा मिळून येणारा वास मात्र आमच्या पिढीच्या नाकातून अजून गेलेला नाही. या सर्वांस फारसा पैसा लागत नाही. काहींना तर मुळीच लागत नाही. ऊन कोणी विकत देत नाही.

असे असूनही आमच्या धर्मग्रामातील कित्येक वडीलधाऱ्या माणसांना या सुखाजवळ स्वस्थ बसता येत नाही, हे घरभेटीच्या वेळी आमच्या वारंवार ध्यानात आले आहे. ही माणसे बहुतांशी अहमदनगर जिल्ह्यातून (त्यास आता अहिल्यानगर म्हणतात) पोटामागे नाशिकला आली. १९७२ च्या दुष्काळात यांनी स्वतः किंवा यांच्या आईबापांनी खडी फोडली. पुढे सातपूर, अंबडच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत दिवस काढले. ओव्हरटाइम मिळाला तर तो ईश्वरी कृपेसारखा घेतला. ज्या हाताला काम नाही त्या हाताला भाकर नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आता निवृत्त होऊन मुलाच्या घरी कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसायची वेळ आली, तर त्यांस अपराध्यासारखे होते. दहा मिनिटांत ते उठतात, नळाचे वायसर बदलतात, नाहीतर कुंडीतली माती उकरतात. नातू खिडकीत बसून चिमण्या पाहत असला तर विचारतात, ‘बसून काय राहिलास? त्याचा उपयोग काय?’

या प्रश्नाला हसू नये. तो भुकेतून आलेला प्रश्न आहे, आणि भुकेने विचारलेल्या प्रश्नाला तत्त्वज्ञानाने तत्काळ उत्तर देणे हे असभ्यपणाचे असते. तरीही उत्तर द्यावयास हवे. कारण हा प्रश्न वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातो, आणि तिची भूक शमलेली असली तरी प्रश्न शमत नाही.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकविले गेले. तेराव्या शतकातील या पंडिताने आपल्या ‘सुम्मा थिओलोजिए’ या ग्रंथात खेळ आणि विनोद यांवर स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे, हे ऐकून आम्हा विद्यार्थ्यांस तेव्हा मोठे नवल वाटले होते. ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन ते म्हणतात की खेळातही एक सद्गुण आहे. खेळाचा अतिरेक जसा दोष, तसाच त्याचा अभावही दोष. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या हसण्यात मोडता घालतो, तो त्यांच्या मते सदाचारी ठरत नाही. तेथे त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी कथा दिली आहे. योहान शिष्यांसमवेत खेळताना दिसला म्हणून काही लोकांना वाईट वाटले. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडण्यास सांगितले, पुन्हा सांगितले, पुन्हा सांगितले. मग विचारले, ‘हे असेच सतत करता येईल काय?’ तो म्हणाला, ‘नाही, धनुष्य मोडेल.’ मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला दाखवून दिले.

कथा सुंदर आहे, आणि प्रवचनात ती आम्ही अनेकदा वापरली आहे. परंतु जसजसे वय वाढते तसतसे आम्हांला वाटू लागले आहे की येथे उत्तर अर्धेच मिळते. धनुष्याची दोरी सैल करायची ती उद्या पुन्हा ताणण्यासाठी. म्हणजे विश्रांती ही कामाची दासीच राहिली. कारखान्याचा मालकही साप्ताहिक सुट्टी याच हिशेबाने देतो. यंत्राला जसे तेल तसा माणसाला रविवार. योसेफ पीपर या जर्मन कॅथलिक विचारवंताने १९४८ साली, महायुद्धात उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभारण्याच्या घाईत सारे असताना, नेमक्या याच समजुतीला हरकत घेतली होती. फुरसत ही दोन कामांमधली फट नव्हे, तिचे मूल्य तिच्यातच आहे, असे त्यांचे म्हणणे. ढिगारे उपसण्याच्या दिवसांत हे म्हणण्यास धैर्य लागले असेल.

आम्हांला मात्र हे ग्रंथांतून कळण्याआधी हुरड्याने कळले होते. आमच्या लहानपणी गावाकडे ज्वारीची कणसे दुधात आली की शेतात आगटी खणली जाई. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस खुपसायचे, भाजले की राखेसकट बाहेर काढून तळहातावर चोळायचे, हात पोळतात म्हणून या हातातून त्या हातात झेलायचे, आणि फुंकर मारून हिरवा दाणा गुळाबरोबर अथवा लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. विचार केला तर हा सारा अव्यवहारच. तेच कणीस महिनाभर उभे ठेवले तर पुरी ज्वारी होते, पायलीने मोजता येते, कणगीत साठते. दाणा कोवळा असताना खाणे म्हणजे हिशेबाने नुकसान. पण वर्षभर एकेक दाणा वेचून ठेवणारा आमच्याकडचा शेतकरी तेवढे एक दोन दिवस हिशेब बाजूला ठेवी आणि पाहुण्यांना बोलावून आणी. उद्याच्या कामासाठी ताकद यावी म्हणून कोणी हुरडा खात नव्हते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. थंडी पडली की ते दर पंधरवड्याला नांदूर मध्यमेश्वरला जातात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तेथे उथळ पाण्याचे मोठे क्षेत्र तयार झाले असून हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी हजारोंनी उतरतात. रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ होय. हे गृहस्थ पहाटे चापडगावच्या बाजूस जाऊन दुर्बीण लावून बसतात. चक्रवाक किती, तलवार बदके किती, ते वहीत लिहितात. वही कोणाला देत नाहीत, कोठे छापत नाहीत. आम्ही एकदा त्यांना तोच प्रश्न केला. ते म्हणाले, ‘काही उपयोग नाही, फादर. ते येतात, म्हणून मी जातो.’ या उत्तरावर आम्हांला पुढे काही विचारता आले नाही.

उलट टोकाचे उदाहरणही नाशिकपासून फार दूर नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर गोदाकाठच्या जलालपूरचे. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे अक्षरशः वेड लागले होते. त्या घरात आल्यागेल्या प्रत्येक वस्तूची धुलाई होई, आणि घरातल्या बायकामुलांचे दिवस त्या धुण्यात आणि वडिलांच्या भीतीत जात. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या खेळकरपणे सांगितले आहे की वाचक हसत सुटतो आणि मग मध्येच त्याच्या लक्षात येते की हे एका मुलीचे बालपण होते. पवित्र राहण्याच्या ध्यासापायी घरातला आनंद कसा हद्दपार होतो हे पाहण्यास त्याहून वेगळा ग्रंथ नको. आणि हा दोष काही एका धर्माच्या वाट्याला आलेला नाही. उपवासकाळात घरातल्या पोरांना हसण्याची चोरी करून ठेवणारे आमचेही काही श्रावक आम्हांस ठाऊक आहेत.

येथवर साध्या सुखाची बाजू आम्ही मांडली. पण आरंभी विचारलेला प्रश्न याने सुटत नाही. सुख स्वतः चांगले असले तरी ते निर्दोष आहे काय?

निफाडचा पारा उतरला की शहरात आनंद होतो. त्याच रात्री द्राक्षबागायतदार झोपलेला नसतो. ऑक्टोबरात छाटणी केलेल्या बागा डिसेंबर-जानेवारीत फळावर आलेल्या असतात. पारा फार उतरला तर मण्यांची फुगवण थांबते, तयार मण्यांना तडे जातात. म्हणून तो पहाटे ठिबकचे पाणी सोडतो, बागेत ठिकठिकाणी काडीकचरा पेटवून धूर करतो. शेकोटी त्याचीही आहे. पण तिच्याजवळ तो शेकत बसलेला नाही. मग आम्ही गारठ्याचा आनंद मानला, तर तो त्याच्या नुकसानीचा आनंद झाला काय? आमच्या मते नाही. थंडी कोणी मागून घेतलेली नाही. आणि जी थंडी द्राक्षाला मारते तीच गव्हाला, हरभऱ्याला तारते. एकाचे दुःख आहे म्हणून सर्वांनी तोंड पाडून बसावे, असे मानले तर पृथ्वीवर एका क्षणाचेही हसू उरणार नाही. तेव्हा दुसऱ्याच्या दुःखाच्या शेजारी आपले सुख असणे हा अपराध नव्हे. आपल्या सुखाची किंमत दुसऱ्याने भरावी, ही मात्र निराळी गोष्ट.

येवल्याचे पतंग घ्या. पैठणीइतकेच हे गाव पतंगासाठी नावाजलेले. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गावातली धाब्याधाब्यांवरची माणसे खाली उतरत नाहीत. लाकडी आसारीवर मांजा गुंडाळायचा, तिचा दांडा हातात फिरवीत ढील द्यायची, पतंग कटला की हलगीच्या तालावर आरोळी ठोकायची. आजोबा, बाप आणि नातू एकाच आसारीशी झगडताना दिसतात ते याच दिवसांत. नाशिक शहरातही संक्रांतीला तोच रंग असतो. परंतु सुती मांजाच्या जागी नायलॉनचा मांजा आला आणि खेळाचे रूप पालटले. हा दोरा तुटत नाही, कुजत नाही. झाडांच्या फांद्यांत तो महिनोन् महिने लटकत राहतो, त्यात बगळे, घुबडे, घारी अडकतात आणि अग्निशामक दलाच्या जवानांना शिड्या लावून त्यांस सोडवावे लागते. दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे चिरले गेले, नाशिकमध्येही त्यात माणसे दगावली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर या मांजावर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो आणि चांगल्या घरातले बाप तो मुलांना आणून देतात.

का आणून देतात? आमचा पतंग कटू नये म्हणून. पण पतंगाच्या खेळात कटणे हे तर ठरलेलेच आहे. ज्याला कटायचेच नाही त्याने खेळूच नये. सुती मांजाने खेळणारा हरण्याची तयारी ठेवून गच्चीवर चढतो. नायलॉनचा मांजा विकत घेणारा ती तयारी घरी ठेवतो, आणि त्याच्या वाट्याची हार रस्त्याने जाणाऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या गळ्याशी जाते. साधे सुख साधेपणा सोडते ते बहुधा येथे. पैसा वाढल्याने नव्हे, तर आपण काही गमावण्यास तयार नसल्याने.

मांजा दुरून दिसतो, त्यावर लिहिणेही सोपे आहे. घरातली गोष्ट अवघड. थंडीच्या ज्या ज्या सुखाचे वर आम्ही गुणगान केले, ते पुन्हा एकदा वाचून पाहावे. बाजरीची भाकरी गरम हवी, म्हणजे सारे जेवत असताना कोणीतरी तव्यापुढे हवे. पहाटेचा चहा शेकोटीपर्यंत आला, म्हणजे तो घेऊन कोणीतरी आले आणि रिकामे पेले घेऊन परत गेले. नाताळच्या आधीचा आठवडा पाहा. करंज्या, शंकरपाळी, लाडू, चकल्या. गव्हाणीसाठी तरुण मंडळी गवत आणि माती गोळा करतात, चांदणीचे कंदील टांगतात, नाताळगीते गात घरोघर फिरतात. मोठी मौज असते. त्या मौजेत एक व्यक्ती कढईपुढे उभी असते आणि मध्यरात्रीच्या मिस्साला ती येते तेव्हा तिच्या पदराला तेलाचा वास असतो. प्रवचनाच्या वेळी तिला डुलकी लागते. ती आमच्या प्रवचनाची समीक्षा आहे असे आम्ही कधी मानले नाही.

लूककृत शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया यांची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. मरिया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते, मार्था कामात गढलेली असते आणि तक्रार करते. मरियेने चांगला वाटा निवडला, असे उत्तर तिला मिळते. यावरून चिंतन श्रेष्ठ की सेवा श्रेष्ठ, यावर शतकानुशतके चर्चा झाली आहे. पण त्या घरात एक भाऊही होता. योहानाच्या शुभवर्तमानात, वल्हांडणापूर्वी सहा दिवस बेथानीत जे भोजन झाले त्याचे वर्णन आहे. तेथे मार्था वाढीत होती आणि लाजरस पंक्तीला बसला होता. नुकताच कबरेतून उठून आलेला माणूस, त्याला पंक्तीचा मान मिळावा हे योग्यच. तरीही आमच्या मनात येते की दोघी बहिणींची एवढी तुलना करणाऱ्या भाष्यकारांपैकी भावाने चार ताटे उचलावीत असे सुचविणारा आम्हांस अद्याप भेटलेला नाही. भाष्यकार बहुतेक पुरुष होते. असो.

यावर हल्ली एक उपाय काढतात, तो म्हणजे विकत आणणे. बचत गटाच्या बायकांकडून फराळ येतो. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. त्या पैशांतून कित्येक घरांत मुलांची फी भरली जाते. पण उभे राहणे त्यामुळे संपत नाही, ते एका घरातून दुसऱ्या घरात जाते. शरणपूर रोडवरच्या तिबेटी बाजारात स्वेटर घेताना आम्हांला असेच वाटते. पूर्वी घरी विणलेला स्वेटर एका बाह्यापेक्षा दुसरी बाही लांब असा असे. आता लुधियानाचा नीटस स्वेटर मिळतो, आणि तो विकणारी तिबेटी बाई आपल्या वसाहतीतल्या घरापासून शेकडो कोस दूर, हिवाळाभर दुकानात बसलेली असते. १९५९ साली देश सुटलेल्या लोकांपैकी ती, किंवा त्यांची लेकसून. आपल्याला ऊब देऊन झाल्यावर तिचा हिवाळा कसा गेला हे विचारण्याची पद्धत नाही. निदान भावात फार घासाघीस करू नये, एवढे तरी पाळता येईल.

विकत आणू नये, असा आमचा आग्रह नाही. आणि फराळ बंद करावा, असा तर मुळीच नाही. करंजीवाचून नाताळ हे बौद्धिकदृष्ट्या शक्य असले तरी आम्हांला पटणारे नाही. आमचे म्हणणे इतकेच की शेकोटी गोल असते. तिच्याभोवती सरकून घेतले तर आणखी एकाची जागा होते, आणि ती जागा कोणासाठी व्हायला हवी हे बहुधा स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिल्यास कळते. मात्र ‘तू पण ये ना बसायला’ अशी हाक मारल्याने ती येत नाही. हाक मारणाऱ्याला आधी उठावे लागते.

नाशिकरोडकडील एका कुटुंबात हे करून पाहिले जात आहे. घरधनी पाळीवर जाणारे, मुलगी महाविद्यालयात, मुलगा नववीत. नाताळच्या आधीच्या शनिवारी रात्री चौघे मिळून करंज्या करतात. मुलगा सारण भरतो, मुलगी मुरड घालते, घरधनी कढईपुढे झारा घेऊन उभे राहतात, आणि घरधनिणीने खुर्चीवर बसून नाताळची गाणी लावायची असा नियम आहे. पहिल्या वर्षी तो पाळणे तिलाच सर्वांत जड गेले. तेल तापले की नाही हे पाहण्यास ती तीन वेळा उठली. पारी जाड झाली म्हणून तिने कपाळाला हात लावला. ‘तुमच्याने व्हायचं नाही’ हे तर ती दर पाच मिनिटांनी म्हणत होती. नवऱ्याने तिला प्रत्येक वेळी परत बसविले. आमच्याकडे त्यांचा डबा आला तेव्हा निम्म्या करंज्या तळताना फुटलेल्या होत्या आणि बाकीच्या थोड्या करपल्या होत्या. डबा घेऊन ती बाई स्वतः आली होती, ओशाळून. म्हणाली, ‘फादर, या वर्षीच्या अशाच झाल्या आहेत.’ आम्ही त्या सगळ्या संपविल्या आणि रिकामा डबा धुऊन परत पाठविला.